सारखे म्हणजे काय? : अतिनवतारे आणि विश्वाचे मोजमाप

अंधाऱ्या रात्री माळरानावर दूर एक दिवा दिसतो. तो जवळच्या वस्तीवरचा कंदील आहे की पलीकडच्या गावातला विजेचा मोठा दिवा, हे नुसते पाहून सांगता येत नाही. मंद दिसणारा दिवा मुळातच मंद असेल, किंवा प्रखर असून दूर असेल. काय खरे ते ठरवायचे तर दिव्याची जात माहीत असावी लागते. एकाच बनावटीचे दोन दिवे असतील आणि त्यांतला एक चौपट मंद दिसत असेल, तर तो दुप्पट दूर आहे, एवढे गणित कोणालाही जमते. अडचण गणिताची नसते. हे दोन्ही दिवे एकाच बनावटीचे कशावरून, ही खरी अडचण असते.

विश्वाचा विस्तार मोजण्याचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास वाचताना हाच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. एका नावाखाली मोडणाऱ्या वस्तू खरोखर एकजातीच्या असतात का? साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. ज्ञानेश्वरीतील ओवी आणि जात्यावरची ओवी यांना आपण एकाच नावाने ओळखतो, आणि त्या नावावर विसंबून एकीचे नियम दुसरीला लावले की घोटाळा होतो. आपल्या क्षेत्रात अशा घोटाळ्याने फार तर एखादा प्रबंध बिघडतो. खगोलशास्त्रात तशाच एका घोटाळ्याने विश्वाचे अंदाजलेले वय निम्मे झाले होते.

विश्वाचे प्रसरण मंदावत नसून त्याचा वेग वाढत आहे, असा निष्कर्ष १९९८ साली स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या निरीक्षणांतून निघाला. २०११ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या कामाला मिळाले. ही हकीकत बहुधा एका अनपेक्षित शोधाची हकीकत म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. प्रस्तुत लेखात मात्र ती वर्गीकरणाची हकीकत म्हणून वाचायची आहे. त्या वाचनात एका मराठी लेखकाच्या मतभेदालाही जागा आहे. त्याचा गौरव आपण पुष्कळ केला. त्याचा वाद मात्र फारसा वाचला नाही.

१

११ नोव्हेंबर १५७२ च्या संध्याकाळी टायको ब्राहे हा पंचविशीतला डॅनिश तरुण घरी परतत असताना शर्मिष्ठा तारकासमूहात त्याला एक अनोळखी, अतिशय तेजस्वी तारा दिसला. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना, म्हणून त्याने बरोबरच्या माणसांना आणि वाटेवरच्या लोकांना तो दाखवून खात्री करून घेतली. ॲरिस्टॉटलच्या परंपरेनुसार चंद्रापलीकडचे आकाश अविकारी होते. तिथे नवे काही घडणे शक्य नव्हते. टायकोने महिनोन्‌महिने मोजमापे घेतली. चंद्र जवळ असल्यामुळे भोवतालच्या ताऱ्यांच्या संदर्भात त्याची जागा जशी किंचित बदललेली दिसते, तशी या ताऱ्याची दिसत नव्हती. तो चंद्राच्या पुष्कळ पलीकडे होता. १५७३ साली टायकोने याविषयी लॅटिनमध्ये पुस्तिका लिहिली. तिच्या शीर्षकातील ‘नोव्हा स्टेला’, म्हणजे ‘नवा तारा’, या शब्दांवरून पुढे ‘नोव्हा’ ही संज्ञा रूढ झाली. वस्तुतः तो तारा नवा नव्हता. एका जुन्या ताऱ्याचा तो शेवट होता. पण संज्ञा एकदा रुळली की तिच्या पोटात काय काय शिरले आहे हे तपासायला पिढ्या जातात.

त्याआधी १०५४ साली वृषभ राशीत असाच एक तारा प्रकटला होता. चिनी नोंदींत त्याला ‘पाहुणा तारा’ म्हटले आहे. तेवीस दिवस तो भरदिवसा दिसत होता. त्याचे अवशेष म्हणजे आजचा क्रॅब तेजोमेघ. इतकी ठळक घटना भारतीयांनीही पाहिलीच असणार, या अपेक्षेने जयंत नारळीकर आणि संस्कृतच्या अभ्यासक सरोजा भाटे यांनी जुन्या ग्रंथांत तिचा शोध घेतला आणि २००१ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात त्याविषयी लिहिले. निर्विवाद म्हणता येईल अशी नोंद हाती लागली नाही, आणि लागली नाही असेच त्यांनी सांगितले. आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते असे सांगणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. त्या पार्श्वभूमीवर हा छोटासा निबंध मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

१०५४ चा तारा आणि १५७२ चा तारा यांचे स्फोट वेगवेगळ्या जातीचे होते, हे कळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

२

ऑगस्ट १८८५ मध्ये देवयानीच्या तेजोमेघात एक नोव्हा दिसला. तो नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका तेजस्वी झाला आणि काही महिन्यांत मावळला. देवयानीचा तेजोमेघ आपल्या आकाशगंगेच्या आत आहे की ती एक स्वतंत्र दीर्घिका आहे, हा त्या काळचा मोठा वाद होता. २६ एप्रिल १९२० रोजी वॉशिंग्टन येथे हार्लो शॅपली आणि हेबर कर्टिस यांच्यात यावर प्रसिद्ध चर्चा झाली. शॅपली यांच्या बाजूचा एक युक्तिवाद असा होता : देवयानी जर कर्टिस म्हणतात तितकी दूर असेल, तर १८८५ चा नोव्हा कोट्यवधी सूर्यांइतका प्रखर असला पाहिजे, आणि असा नोव्हा कोणी पाहिलेला नाही. युक्तिवाद निर्दोष होता. त्यातले गृहीतक तेवढे चुकीचे होते. आकाशगंगेतील सामान्य नोव्हा आणि १८८५ चा नोव्हा एकाच जातीचे आहेत, असे ते गृहीतक. नोव्हांचे दोन वर्ग असणे अशक्य नाही, असे कर्टिस यांनी सुचवले होते. पण त्या वेळी ती एक पळवाट वाटली असल्यास नवल नाही.

वाद मिटला तो दुसऱ्या दिव्यामुळे. ठरावीक कालावधीने कमी-अधिक तेजस्वी होणाऱ्या सेफीड जातीच्या रूपविकारी ताऱ्यांमध्ये, कालावधी जितका मोठा तितके मूळ तेज अधिक, असा संबंध हार्वर्ड वेधशाळेत काम करणाऱ्या हेन्रिएटा लेव्हिट यांनी दाखवून दिला होता. त्यांचा निर्णायक निबंध १९१२ चा. एडविन हबल यांना १९२३ साली देवयानीत असा एक सेफीड सापडला. त्यावरून देवयानीचे अंतर सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे निघाले. ती आकाशगंगेबाहेर होती. म्हणजे १८८५ चा ‘अशक्य’ नोव्हा खरोखरच तितका प्रखर होता.

दूरच्या दीर्घिकांच्या वर्णपटातील रेषा तांबड्या टोकाकडे सरकलेल्या असतात, हे व्हेस्टो स्लायफर यांच्या निरीक्षणांतून दिसू लागले होते. या सरकण्याला मराठीत ताम्रसृती म्हणतात. १९२७ साली बेल्जियमचे धर्मगुरू व गणितज्ञ जॉर्ज लमेत्र यांनी आणि १९२९ साली हबल यांनी दीर्घिकांचे अंतर व त्यांची ताम्रसृती यांची सांगड घातली. दीर्घिका जितकी दूर, तितकी ती वेगाने दूर जाणारी. विश्व प्रसरण पावत आहे, ही कल्पना येथून स्थिरावली.

पण हबल यांच्या आकड्यांवरून विश्वाचे वय सुमारे दोन अब्ज वर्षे येत होते, आणि पृथ्वीवरच्या खडकांचे वय त्याहून जास्त निघत होते. लेक आईपेक्षा वयाने मोठी! हा तिढा वॉल्टर बाडे यांनी सोडवला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लॉस एंजेलिसवर दिवेबंदी असल्यामुळे माउंट विल्सनवरून आकाश काळेभोर दिसत होते. मूळचे जर्मन असलेल्या बाडे यांना युद्धकार्यात घेतले गेले नव्हते, त्यामुळे दुर्बीण त्यांच्या वाट्याला भरपूर आली. देवयानीच्या गाभ्यातील तारे वेगळे वेगळे टिपताना ताऱ्यांच्या दोन भिन्न पिढ्या असतात, हे त्यांच्या ध्यानात आले. पुढे पालोमारच्या मोठ्या दुर्बिणीने केलेल्या निरीक्षणांवरून, सेफीडही एका जातीचे नसून दोन जातींचे आहेत, असे त्यांनी १९५२ साली जाहीर केले. एका जातीचे माप दुसरीला लावले गेले होते. चूक दुरुस्त होताच दीर्घिकांची अंतरे दुप्पट झाली आणि विश्वाचे वयही दुप्पट झाले. आकाशात काहीच बदलले नव्हते. एका नावाची दोन नावे झाली होती.

३

सेफीड फार दूरचे दिसत नाहीत. विश्वाच्या प्रसरणाचा वेग पूर्वी किती होता हे पाहायचे, तर अब्जावधी प्रकाशवर्षांवरून दिसेल असा दिवा हवा. दूर पाहणे म्हणजे भूतकाळात पाहणे. पाच अब्ज वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आज पोहोचतो, तो तेव्हाचे वर्तमान घेऊन.

असा दिवा १८८५ च्या त्या नोव्ह्यातच दडलेला होता. बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३४ च्या निबंधांत अशा महाप्रखर नोव्हांना ‘सुपरनोव्हा’ म्हटले. मराठीत आपण त्यांना अतिनवतारे म्हणतो. अंतरे मोजायला ते उपयोगी पडतील, हे बाडे यांनी १९३८ मध्येच सुचवले होते. १९४१ साली रुडॉल्फ मिंकोव्स्की यांनी वर्णपटावरून त्यांचे दोन प्रकार केले : ज्यांत हायड्रोजन दिसत नाही तो पहिला, दिसतो तो दुसरा. १९८० च्या दशकात पहिल्या प्रकारातही भेसळ आढळली. त्यातल्या काहींच्या वर्णपटात सिलिकॉनची ठळक रेषा होती, काहींत नव्हती. सिलिकॉनवाल्यांना ‘एक-ए’ हे नाव मिळाले. १५७२ चा टायकोचा तारा याच वर्गातला. त्याचा प्रकाश आसपासच्या धूलिमेघांवरून परावर्तित होऊन चार शतके उशिरा पृथ्वीवर आला, आणि २००८ साली त्या प्रतिध्वनीचा वर्णपट घेऊन हे निश्चित करण्यात आले.

या वर्गातले स्फोट इतके सारखे का असावेत, याचे उत्तर एका जुन्या गणितात होते. १९३० च्या जुलैअखेरीस एकोणीस वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले. श्वेतबटू ताऱ्याच्या वस्तुमानाला एक कमाल मर्यादा असते, हा विचार त्या प्रवासात त्यांच्या मनात आकाराला आला. श्वेतबटू म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा आक्रसलेला, अतिघन गोळा. आज ही मर्यादा सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे १.४ पट मानली जाते. १९३५ साली रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत आर्थर एडिंग्टन यांनी या कल्पनेची जाहीर खिल्ली उडवली; चंद्रशेखरांना नोबेल मिळाले ते १९८३ मध्ये. जोडीदार ताऱ्याचे द्रव्य ओढून घेत एखादा श्वेतबटू या मर्यादेच्या जवळ आला, की त्यातील कार्बन अनियंत्रितपणे पेटतो आणि सबंध तारा फुटून जातो. दारूगोळा दर वेळी जवळपास तेवढाच, म्हणून स्फोटही जवळपास तेवढाच. स्फोटात तयार झालेले किरणोत्सारी निकेल कोबाल्टमध्ये आणि कोबाल्ट लोहात रूपांतरित होत जाते, आणि त्या ऊर्जेवर तो काही आठवडे झळकत राहतो. ऐन भरात त्याचे तेज चार-पाच अब्ज सूर्यांइतके असते.

हे चित्र सुबक आहे, पूर्ण नाही. दोन श्वेतबटू एकमेकांत मिसळूनही असा स्फोट होतो, आणि कोणत्या मार्गाने किती स्फोट होतात यावर आजही एकमत नाही. शिवाय १९९१ साली दोन अतिनवताऱ्यांनी एकजातीपणाच्या कल्पनेलाच हादरा दिला. दोन्ही ‘एक-ए’ वर्गातले. त्यांतला एक नेहमीपेक्षा बराच प्रखर, दुसरा अगदीच मंद. येथे अनेकांनी या दिव्याचा नाद सोडला असता. पण जो अधिक प्रखर तो सावकाश मावळतो आणि जो मंद तो झटपट विझतो, असे रशियन शास्त्रज्ञ युरी प्स्कोव्स्की यांनी पूर्वीच म्हटले होते. चिलीतील सेरो टोलोलो वेधशाळेतील मार्क फिलिप्स यांनी १९९३ मध्ये चांगल्या निरीक्षणांवरून हा संबंध स्पष्ट केला. मारिओ हामुय, होसे माझा, निकोलस सनत्झेफ आणि फिलिप्स यांच्या कालान-टोलोलो पाहणीने जवळच्या अतिनवताऱ्यांचा भरवशाचा संच तयार केला. दिवे सारखे नव्हते; पण ते किती वेगळे आहेत, हे आता त्यांच्या विझण्याच्या चालीवरून ओळखता येत होते. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला कळीचा क्षण हाच. नोबेलच्या बातम्यांत त्याचा उल्लेख जेमतेम आढळतो.

४

उरला प्रश्न सापडण्याचा. एका दीर्घिकेत असे स्फोट हजार वर्षांत मोजकेच होतात. कोठे, केव्हा होणार हे कळत नाही, आणि दिसला तरी काही आठवड्यांत मावळतो. १९८६ ते १९८८ या काळात एका डॅनिश गटाने चिलीतून नेटाने शोध घेतला. दोन वर्षांत या जातीचा एकच दूरस्थ अतिनवतारा हाती लागला, तोही भर ओसरल्यावर. मोठ्या दुर्बिणीचा वेळ सहा-सहा महिने आधी मागावा लागतो. पुढच्या वैशाखात अमुक दिवशी अतिनवतारा फुटेल, असा अर्ज कोण मंजूर करणार?

बर्कली येथील सॉल पर्लमटर यांच्या गटाने यावर युक्ती काढली. हा गट १९८८ पासून कामाला लागला होता. अमावास्येच्या सुमारास आकाशाच्या मोठ्या पट्ट्याची छायाचित्रे घ्यायची. त्यांत हजारो दीर्घिका येतात. पुढच्या अमावास्येच्या आधी, म्हणजे सुमारे तीन आठवड्यांनी, त्याच पट्ट्याची पुन्हा छायाचित्रे घ्यायची आणि दुसऱ्या चित्रातून पहिले वजा करायचे. जे नवे ते उरते. हजारोंत काही तरी फुटलेले असतेच, आणि तीनच आठवडे गेल्याने ते अजून भरात असते. मग आधीच मागून ठेवलेल्या हवाईच्या केक दुर्बिणीवर त्याचा वर्णपट घ्यायचा. जे बेभरवशाचे होते ते असे वेळापत्रकात बसले. १९९४ मध्ये ब्रायन श्मिट आणि सनत्झेफ यांनी दुसरा गट उभारला. अ‍ॅडम रीस त्यात होते. पहिल्या गटात मूलकण भौतिकीची परंपरा, दुसऱ्यात अतिनवताऱ्यांवरच आयुष्य घातलेली माणसे. दोघांमध्ये चुरस होती, आणि तिच्यात कडवटपणाही होता.

दोघांनाही मोजायचे होते ते प्रसरणाचे मंदावणे. गुरुत्वाकर्षण वस्तूंना एकमेकींकडे ओढते. वर फेकलेल्या चेंडूसारखे विश्वाचे प्रसरणही हळूहळू मंदावत असणार, यात कोणालाच शंका नव्हती. शंका होती ती किती मंदावते याची. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या श्मिट यांच्या निबंधाच्या शीर्षकातसुद्धा ‘मंदावणे मोजणे’ असाच उल्लेख आहे. प्रश्नातच उत्तराची दिशा गृहीत धरली होती. पर्लमटर यांच्या गटाने १९९७ मध्ये पहिल्या सात अतिनवताऱ्यांवरून जो निष्कर्ष दिला, तो मंदावण्याशी जुळणाराच होता.

अधिक निरीक्षणे आली तसे चित्र पालटले. दूरचे अतिनवतारे असायला हवे होते त्याहून मंद दिसत होते. त्यांची अंतरे, कमी द्रव्य असलेल्या विश्वात जी अपेक्षित होती त्यांहून सरासरीने दहा ते पंधरा टक्के जास्त येत होती. गणितात सरळ आकडे घातले तर विश्वातील द्रव्य ऋण निघत होते. अर्थ लावायचा तर एकच : मधल्या काळात प्रसरणाचा वेग वाढला आहे. दोन्ही गटांनी महिनोन्‌महिने स्वतःच्या चुका शोधल्या. रीस आदींचा निबंध सप्टेंबर १९९८ मध्ये आला. त्यात दूरचे सोळा अतिनवतारे होते. पर्लमटर आदींचा जून १९९९ मध्ये आला, बेचाळीस अतिनवताऱ्यांसह. एकमेकांची चूक दाखवण्याची एकही संधी न सोडणारे दोन गट एकाच उत्तराशी पोहोचले होते, आणि ते उत्तर दोघांनाही नको असलेले होते. चुरशीचा असाही उपयोग असतो.

या वेगवाढीच्या कारणाला ‘डार्क एनर्जी’, म्हणजे कृष्ण ऊर्जा, असे नाव पडले. आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये समीकरणात घातलेला आणि १९३१ मध्ये सोडून दिलेला विश्वस्थिरांक तिच्या रूपाने परत आला. आजच्या हिशेबात विश्वातील सुमारे ६८ टक्के वाटा तिचा आहे. ती काय आहे, हे कोणालाच ठाऊक नाही. नावाने ज्ञानाचा भास होतो, एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

५

येथे नारळीकरांकडे वळले पाहिजे. १९४८ साली बाँडी, गोल्ड आणि हॉएल यांनी स्थिर स्थिती सिद्धांत मांडला. विश्वाला आरंभ नाही. ते प्रसरण पावते, आणि पडणारी जागा भरून काढायला नवे द्रव्य सतत निर्माण होत असते, असे त्याचे म्हणणे. नारळीकर केंब्रिजमध्ये हॉएल यांचे विद्यार्थी, पुढे सहकारी. १९६५ मध्ये विश्वव्यापी सूक्ष्मतरंग प्रारण सापडल्यावर बहुतेकांनी हा सिद्धांत मोडीत काढला. गंमत अशी, की स्थिर स्थितीच्या विश्वात प्रसरणाचा वेग वाढतच असतो! विश्व मंदावते आहे असे दाखवू पाहणारी दीर्घिकांची निरीक्षणे १९५० च्या दशकात याच कारणाने त्या सिद्धांताविरुद्ध उभी केली गेली होती. १९९८ चा निकाल आला तेव्हा, आमचे पूर्वीपासून हेच म्हणणे होते, असे सांगून मोकळे होणे नारळीकरांना सहज शक्य होते.

त्यांनी दिव्याबद्दल प्रश्न विचारला. हॉएल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३ पासून ‘अर्धस्थिर स्थिती’चे सुधारित प्रतिमान मांडले होते. त्यात दीर्घिकांमधल्या अवकाशात लोहासारख्या धातूंच्या अतिसूक्ष्म सुयांची धूळ कल्पिली होती. ही धूळ अतिनवताऱ्यांच्याच स्फोटातून निर्माण होणारी. दूरचे अतिनवतारे मंद दिसतात ते जास्त दूर असल्याने, की वाटेतल्या अशा धुळीने? २००० साली आणि त्यानंतर नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा पर्याय आकडेमोडीसह मांडला. आक्षेप मर्मावरच होता. दिवा तोच असेल, पण काच धुरकटलेली असेल तर?

धुळीची शंका इतरांनीही घेतली होती. तिची कसोटी अशी : मंदपणा धुळीमुळे असेल, तर अधिक दूरचे तारे अधिकाधिक मंद होत जावेत. पण विश्वात पूर्वी द्रव्य दाट होते, गुरुत्वाकर्षणाचा जोर होता, आणि वेगवाढ अलीकडच्या पाच-सहा अब्ज वर्षांतलीच असेल, तर फार दूरचे तारे धुळीच्या हिशेबापेक्षा तेजस्वी दिसावेत. हबल अवकाश दुर्बिणीने टिपलेला सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वीचा एक अतिनवतारा २००१ मध्ये तसाच निघाला. २००४ पर्यंत आणखी काही मिळाले. अर्धस्थिर प्रतिमानात हेही बसवता येते, असा युक्तिवाद त्याच्या पुरस्कर्त्यांनी केला. पण सूक्ष्मतरंग प्रारणातील चढउतार, दीर्घिकांच्या मांडणीतले अंतर, अशा ताऱ्यांशी संबंध नसलेल्या मोजमापांतूनही तेच उत्तर येत गेले, आणि बहुतेक शास्त्रज्ञांनी निर्णय दिला तो नारळीकरांच्या विरुद्ध.

हे स्पष्ट म्हणायला आपल्याला जड जाते. नाशिक येथे २०२१ मध्ये झालेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना देऊन, आणि २० मे २०२५ रोजी ते गेल्यावर श्रद्धांजलीचे लेख लिहून, आपण त्यांना महास्फोट सिद्धांताला आव्हान देणारा वीर करून ठेवले. ते आव्हान काय होते, त्याला काय उत्तर मिळाले, कोणत्या मुद्द्यावर ते मागे पडले, हे मराठीत किती जणांनी वाचले? पूज्य मानलेल्या माणसाचा वाद वाचायचा नसतो, अशी आपली रीत झाली आहे. समीक्षेतही ती दिसते. मतभेद हरला म्हणून तो निरर्थक ठरत नाही. ज्या कसोट्यांनी १९९८ चा निष्कर्ष पक्का झाला, त्या कसोट्या शंका घेणाऱ्यांमुळेच लावल्या गेल्या. आणि हरलेल्या मताला जिंकलेले म्हणून मिरवणे हा त्या मताचा सन्मान नव्हे.

६

प्रश्न संपलेला नाही. रीस यांच्या गटाने सेफीड आणि अतिनवतारे यांच्या शिडीने मोजलेला आजच्या प्रसरणाचा दर सुमारे ७३ येतो. प्लँक उपग्रहाने टिपलेल्या आदिम प्रारणावरून तोच दर ६७.४ निघतो. एकक किलोमीटर प्रतिसेकंद प्रति मेगापार्सेक. एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षे. हा फरक मोजमापाच्या चुकीत मावत नाही. अ‍ॅरिझोनातील ‘डेसी’ प्रकल्पाने २०२४ आणि २०२५ मध्ये दीर्घिकांची जी पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात कृष्ण ऊर्जा काळानुसार क्षीण होत असावी असे संकेत मिळाले. अतिनवताऱ्यांची निरीक्षणे जोडली की ते ठळक होतात. २०२५ मध्येच दक्षिण कोरियातील योन्सेई विद्यापीठाच्या एका गटाने दावा केला, की फुटणाऱ्या ताऱ्याच्या वयानुसार त्याच्या स्फोटाचे तेज बदलते. पूर्वीच्या विश्वातले तारे वयाने तरुण होते, म्हणून दूरचे आणि जवळचे अतिनवतारे सारखे धरणे चूक आहे; दुरुस्ती केली तर प्रसरण आज मंदावलेलेही असू शकेल. या दाव्यावर तितकेच जोरदार आक्षेप घेण्यात आले.

दावा टिकेल की नाही, हे सांगण्याचा अधिकार आपला नाही. पण त्याचा आकार आपल्या परिचयाचा आहे. १९२० मध्ये नोव्हांबद्दल, १९५२ मध्ये सेफीडबद्दल, १९९१ मध्ये ‘एक-ए’ वर्गाबद्दल जो प्रश्न विचारला गेला, तोच हा प्रश्न. चिलीतील रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रे जून २०२५ मध्ये जगापुढे आली. ती पूर्ण क्षमतेने चालू लागली की असे तारे लाखोंच्या संख्येने मिळतील, आणि मग वयानुसार, दीर्घिकेनुसार त्यांच्या पोटजाती पाडून पाहता येईल.

वर्गीकरण ही कनिष्ठ प्रतीची, कारकुनी स्वरूपाची कामगिरी आहे, असा समज आपल्या विभागांत पुष्कळदा दिसतो. खरी प्रतिभा म्हणे अर्थनिर्णयनात! या इतिहासात प्रत्येक मोठा अर्थ आधी एका वर्गातले दोन वर्ग ओळखणाऱ्या माणसाच्या हाती लागला, आणि तो टिकला तो त्या वर्गावर सर्वांत कठोर शंका घेऊन पाहिल्यावर. ‘दलित आत्मकथन’, ‘ग्रामीण कथा’, ‘नवकविता’ ही नावे आपण विद्यार्थ्यांपुढे ठेवतो, तेव्हा त्यांच्याखालचे दिवे खरोखर एकाच बनावटीचे आहेत का, हे विचारायची मुभा त्यांना द्यायला हवी. आणि नारळीकरांचे ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे आत्मचरित्र वर्गात वाचताना, चार नगरांइतकाच वेळ त्यातल्या विश्वालाही द्यावा.